हौसेची ऐरण

तापीच्या खोऱ्यातून सुरतेहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी व्हॅली रेल्वे या कंपनीने घातला. गुजरातची सरहद्द ओलांडून या मार्गाने पूर्वेकडे येताना, ज्या स्थानकाचा काही भाग एका राज्यात आणि काही दुसऱ्या राज्यात आहे ते नवापूर मागे पडले, की नंदुरबारला पोहोचण्यापूर्वी चिंचपाडा लागते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातील, नवापूर तालुक्यातील हे गाव. भोवताली सागाचे आणि बांबूचे रान, उताराच्या जमिनीत भात आणि तूर, पाणी पोहोचले आहे तेथे ऊस, आणि वस्ती मुख्यत्वे मावची, गावित, कोकणा आणि भिल्ल या समाजांची. अशा मुलखात लोखंडाचे हत्यार हा माणसाच्या हाताचाच पुढचा भाग होऊन राहतो. कुडात खोचलेला कोयता आणि खांद्यावरची कुऱ्हाड यांच्यावाचून येथील संसाराचा एकही दिवस उजाडत नाही, आणि ज्याच्याकडे ही हत्यारे घडतात आणि झिजल्यावर पुन्हा उभी राहतात त्या लोहाराची भट्टी अद्याप विझलेली नाही.

या भट्टीविषयी लिहिण्याचे निमित्त मात्र जरा दूरचे आहे. पोटासाठी नव्हे, तर केवळ आवडीखातर लोखंड तापवून घडवणाऱ्या माणसांचा एक वर्ग गेल्या अर्धशतकात जगभर निर्माण झाला आणि अलीकडे तो आपल्याकडेही दिसू लागला आहे. दिवसभर कचेरीत किंवा कारखान्यात काम करून सुटीच्या दिवशी अंगणात भट्टी पेटवणारा हा हौशी लोहार आपण घडवलेली वस्तू इतरांपुढे ठेवतो, ती कशी घडवली, कोठे चुकली, कोणते पोलाद वापरले, किती तापवले हे सारे तपशीलवार सांगतो, आणि दुसऱ्याचे तितक्याच उत्सुकतेने ऐकतो. आपल्या देशातील लोहारकामाच्या दीर्घ इतिहासात विद्येचे इतके मोकळे आदानप्रदान पूर्वी झालेले नाही असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचबरोबर, या हौशी मंडळींना ज्याची उणीव सर्वाधिक भासते ते चिंचपाड्यासारख्या गावच्या भट्टीवर आजही रोज वापरात आहे, आणि या दोघांची गाठ पडल्यावाचून दोघांचेही काम अपुरे राहणार आहे, हेही माझे तितकेच ठाम मत आहे.

प्रथम भट्टीकडे पाहू. पावसाळ्यापूर्वी नांगराचे फाळ आणि वखराच्या पासा येतात, कारण जमिनीत वर्षभर घासून त्यांची टोके बोथट झालेली असतात. या टोकाला नवे पोलाद जोडून किंवा उरलेलेच ताणून ते पुन्हा अणकुचीदार करणे म्हणजे फाळ शेवटणे, आणि खेड्यातील लोहाराचे हे सर्वांत जुने काम. श्रावण-भाद्रपदात निंदणीची खुरपी, दसऱ्याच्या आगेमागे भातकापणीचे दात्यांचे विळे, आणि दिवाळी आटोपली की ऊसतोडीचे कोयते. या तालुक्यातून आणि शेजारच्या डांगातून दरवर्षी शेकडो कुटुंबे दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीसाठी निघतात. खुद्द नवापूर तालुक्यातही डोकारे येथे आदिवासी सहकारी साखर कारखाना उभा आहे. निघण्यापूर्वी प्रत्येक जोडप्याला धड धारेचा कोयता लागतो, कारण उसाच्या फडात बोथट कोयत्याने तोडणाऱ्याचे मनगट आधी थकते आणि रोजगार नंतर घटतो. वर्षातील या गर्दीत लोहार जे करतो त्याचा मोठा हिस्सा नवनिर्मितीचा नसून दुरुस्तीचा असतो. ज्या वस्तूला त्याने गेल्या वर्षी पाणी दिले तीच वस्तू झिजून त्याच्यापुढे परत येते, आणि आपले काम कोठे टिकले, कोठे दगा देऊन गेले, याचा दाखला त्याला प्रत्यक्ष हातात मिळतो. हौशी लोहाराला असा दाखला क्वचितच मिळतो. त्याने घडवलेली सुरी बहुधा फळीवर किंवा पेटीतच राहते.

या लोहाराची बैठक हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पाश्चात्त्य लोहार उभ्याने काम करतो. त्याची ऐरण ओंडक्यावर बसवून कमरेच्या उंचीला आणलेली असते, तिला एका बाजूला शिंगासारखे निमुळते टोक असते आणि पाठीवर चौकोनी भोक असते. आपला लोहार जमिनीवर बसतो. त्याची भट्टी म्हणजे जमिनीतील उथळ खळगा, ऐरण म्हणजे लाकडात ठोकून बसवलेला पोलादाचा चौकोनी ठोकळा, आणि पुष्कळदा भंगारातून आणलेला लोखंडाचा एखादा जड तुकडा. बसल्यामुळे दोन्ही पाय मोकळे होतात आणि तेही कामाला लागतात. डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात हातोडा, आणि समोर घण घेऊन उभा असलेला साथीदार. बसलेला माणूस हातोड्याने ज्या जागी हलका ठोका देतो त्याच जागी उभ्या साथीदाराचा घण पडायचा असतो. हा ठोका म्हणजे हुकूमच, आणि तो तोंडाने द्यावा लागत नाही. चित्रफिती पाहून शिकलेला शहरी हौशी माणूस उभ्याची ऐरण विकत आणण्यासाठी महिनोन्महिने पैसे साठवतो, कारण त्याला ऐरणीचे एवढेच रूप ठाऊक असते. बसून काम करण्याची ही पद्धत गरिबीतून आलेली तडजोड नाही. निखाऱ्यापासून ऐरणीपर्यंतचे अंतर वीतभर असल्यामुळे तापलेला तुकडा बाहेर निघाल्यावर थंड होण्यात फुकट जाणारा वेळ वाचतो, आणि पातळ धारेच्या कामात एवढ्या वेळालाही मोल असते.

पूर्वी कातड्याचा भाता होता. आता बहुतेक ठिकाणी हाताने फिरवायचा किंवा विजेवर चालणारा पंखा आला आहे. कोळशाचीही तीच कथा. लाकडी कोळसा सर्वोत्तम, कारण त्यात गंधक नसते आणि गंधकाने पोलाद तापल्या स्थितीत ठिसूळ होते. परंतु जंगलावर सरकारी बंधने आल्यापासून, म्हणजे ब्रिटिश अमदानीतील वनकायद्यांपासून, कोळसा पाडणे आणि तो वाहून नेणे हा परवान्याचा विषय झाला, आणि रानाच्या मध्यावर बसलेला लोहारही दगडी कोळशाच्या पोत्याकडे वळला. लोखंड मात्र त्याला अधिक चांगले मिळू लागले. हा बदल ज्यांनी अनुभवला त्यांना तो सांगावा लागत नाही, पण शहरी वाचकासाठी सांगतो: सुरत-धुळे महामार्ग या तालुक्यातून जातो, आणि मालमोटारींच्या कमानीचे मोडलेले पाटे हे आजच्या ग्रामीण लोहाराचे खरे भांडवल आहे. या पाट्याचे पोलाद बहुधा सिलिकॉन आणि मँगेनीज मिसळलेले, अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या आतबाहेर कार्बन असलेले असते. ते लवचीक राहते, आणि योग्य पाणी मिळाले तर उत्तम धार धरते. जगाच्या दुसऱ्या टोकाचा हौशी लोहारही आपल्या पहिल्या सुरीसाठी मोटारीचा पाटाच शोधतो.

एका पाट्यापासून विळा कसा होतो हे सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण लोहारकामातील जवळजवळ सगळे ज्ञान या एका वस्तूत सामावते. पाटा तापवून छिन्नीने उभा चिरतात. त्या पट्टीचे एक टोक ताणून मुठीत जाणारे निमुळते शेपूट काढतात. मग पट्टीला वाक द्यायचा, आणि येथे नवशिक्या माणसाला पहिला धक्का बसतो: आतल्या कडेवर धार काढण्यासाठी ठोकू लागले, की ती कड लांबते आणि दिलेला वाक उलगडून विळा सरळ होऊ लागतो. म्हणून जाणता लोहार वाक आधीच गरजेहून अधिक देतो, आणि धार ठोकता ठोकता तो आपोआप हव्या त्या वळणावर येतो. हे सूत्र कोणी लिहून ठेवलेले नसते; ते बापाच्या हातातून मुलाच्या हातात येते. धार पातळ झाली की भातकापणीच्या विळ्याला बारीक छिन्नीने तिरपे दाते पाडतात, आणि हे काम पोलाद मऊ असतानाच उरकावे लागते. नंतर पाणी.

पोलादाला पाणी देणे ही या कलेतील सर्वांत नाजूक घटका. सुमारे ७२७ अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यावर पोलादाच्या आतील रचना पालटते आणि कार्बन त्या रचनेत विरघळू लागतो. अशा स्थितीत ते झटकन थंड केले तर कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही, आणि अडकून पडलेल्या त्या कार्बनामुळे पोलाद काचेसारखे कठीण पण तितकेच ठिसूळ होते. हौशी लोहार यासाठी लोहचुंबक जवळ ठेवतो, कारण सुमारे ७७० अंशांवर लोखंडाची चुंबकाकडे ओढली जाण्याची शक्ती नाहीशी होते. चुंबक चिकटेनासा झाला, त्यावर किंचित अधिक तापवले, की तुकडा तेलात बुडवायचा. गावचा लोहार चुंबक वापरत नाही, रंग पाहतो. त्याची शेड अंधारी असते याचे कारण पुष्कळांना बांधकामातील हयगय वाटते. वास्तविक भर उन्हात तापल्या लोखंडाचा रंग डोळ्याला दिसतच नाही, आणि पिकल्या डाळिंबाच्या दाण्याच्या रंगातील सूक्ष्म फरक ओळखायला सावलीच हवी.

रंग बरोबर आला, की लोहार विळा सबंध बुडवीत नाही. कमानीच्या पोलादाला पाण्यात एकदम बुडवले तर ते तडकण्याची भीती असते, आणि तेलाचे पिंप बाळगणे त्याला परवडणारे नसते. म्हणून तो फक्त धारेची कड पाण्यात फिरवतो आणि लगेच बाहेर काढतो. पाठीत उरलेली उष्णता आता हळूहळू धारेकडे सरकू लागते. विटेच्या तुकड्याने घासून त्याने धार उजळलेली असते, त्या उजळ पट्ट्यावर प्रथम फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा असे रंग एकामागून एक पाठीकडून धारेकडे धावतात. सुमारे २२० अंशांपासून ३०० अंशांपर्यंतचा हा उष्णतामापक त्याला फुकट मिळालेला आहे. फिकट पिवळ्यावर थांबवले तर धार तीक्ष्ण पण चटकन तुकडे उडणारी. निळ्यावर गेले तर लवचीक पण लवकर बसणारी. विळ्याला एक रंग, कुऱ्हाडीला दुसरा, छिन्नीला तिसरा. रंग धारेपर्यंत पोहोचला त्या क्षणी तुकडा पुन्हा पाण्यात जातो आणि काम संपते. एकाच तापात कठीणपणा आणि लवचीकपणा दोन्ही साधण्याची ही रीत पाश्चात्त्य पुस्तकांतही सांगितलेली आहे. परंतु शहरातील हौशी माणूस घरच्या विजेच्या भट्टीत नेमके तापमान लावून तास-दोन तास तुकडा ठेवणे पसंत करतो. त्यालाही मी दोष देत नाही, कारण त्याच्या सुऱ्यांना सगळीकडे सारखी उष्णता मिळते. मात्र निळा रंग धावताना ज्याने एकदा पाहिला त्याला उष्णतामापकाच्या आकड्याचा अर्थ कळला, असे म्हणता येते.

हौशी मंडळींच्या वस्तूंत एक ठरावीक क्रम दिसतो. प्रथम भिंतीतील हूक, कारण त्यात ताणणे, वाकवणे, पिळणे आणि चपटे करणे या चारही क्रिया येतात. मग पानाच्या आकाराची किल्लीची साखळी. मग सांडशी, आणि सांडशी हीच या मार्गावरील खरी कसोटी होय. दोन्ही बाहू सारखे, मधली खीळ सैल नको आणि घट्ट नको, तोंडाची पकड तुकड्याच्या जाडीला नेमकी बसणारी. स्वतःच्या सांडशीने स्वतःचे काम पकडणाऱ्या माणसाला एक निराळाच आत्मविश्वास येतो. गावच्या लोहाराकडेही निरनिराळ्या तोंडांच्या अनेक सांडशा असतात आणि त्यातील बहुतेक त्याच्या किंवा त्याच्या वडिलांच्या हातच्या असतात, याकडे पाहणाऱ्याचे लक्ष सहसा जात नाही. पुढे सुऱ्या येतात: जुन्या कानशीच्या, बेअरिंगच्या पोलादाच्या. अधिक धीट मंडळी करवतीच्या निकेलयुक्त पात्याचे आणि साध्या पोलादाचे थर आळीपाळीने रचून, टाकणखाराची पूड टाकून, पांढरट पिवळ्या तापावर घाव घालून ते एकजीव करतात, पुन्हा दुमडतात, पुन्हा जोडतात, आणि शेवटी तिखट आम्लद्रावणात बुडवून थरांची नक्षी उमटवतात. अमेरिकेत रेल्वेच्या रुळाखालच्या खिळ्यापासून सुरी करण्याची हौस मोठी आहे. चिंचपाड्याच्या स्थानकावर उतरून तिचे अनुकरण करू पाहणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की १९६६ च्या कायद्याप्रमाणे रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. शिवाय त्या खिळ्यात कार्बन थोडाच असल्याने त्याची धारही फारशी टिकत नाही.

कोयता, कुऱ्हाड, विळा ही शेतीची हत्यारे बाळगण्यास परवाना लागत नाही, परंतु शस्त्रनियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या, घरगुती वा शेतीच्या उपयोगाची नसलेल्या धारदार हत्यारांची स्वतंत्र वर्गवारी केलेली आहे, आणि तरवारी-कट्यारी तिच्यातच येतात. ज्या हौशी लोहाराचे मन इतिहासातील शस्त्रांत रमते त्याने आपल्या जिल्ह्यात कोणता हुकूम लागू आहे याची चौकशी आधी करावी. मला स्वतःला विचाराल तर, ज्या मुलखात चांगल्या कुऱ्हाडीची गरज इतकी खरी आहे तेथे शोभेच्या तरवारीत जीव अडकवण्याचे कारण मला दिसत नाही. कुऱ्हाड हे काही कमी कठीण काम नाही. पट्टी दुमडून दांड्याचे भोक तयार करणे, तोंडाच्या बाजूला पोलादाची पाचर घालून ती तापावर जोडणे, आणि भोकाची रेषा धारेच्या रेषेशी तंतोतंत जुळवणे, या तीन गोष्टी साधायला वर्षे जातात.

हे ज्ञान इतके दिवस मोकळे का नव्हते? त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात खेड्याच्या बलुतेदारीचे जे साद्यंत वर्णन केले आहे, त्यात सुताराबरोबर लोहाराचे स्थान थोरल्या ओळीत आहे. शेतकऱ्याच्या खळ्यावरील धान्याचा हिस्सा त्याला वतनाच्या हक्काने मिळे आणि बदल्यात वर्षभराची औतकाठी त्याने दुरुस्त ठेवायची, असा हा करार होता. या व्यवस्थेने लोहाराला गावात भाकरी दिली, परंतु त्याच्या विद्येला कुळाच्या कुंपणात कोंडले. दुसऱ्या जातीच्या मुलाला ऐरणीवर बसता येत नव्हते आणि लोहाराच्या मुलाला ऐरण सोडून दुसरीकडे बसता येत नव्हते. पाण्याचे, तापाचे, जोडाचे मर्म घराबाहेर गेले तर हिस्सा जाईल, ही भीती स्वाभाविकच होती. जेथे गावाला कायमचा लोहार नव्हता, तेथे फिरस्ते घिसाडी आणि राजस्थानातून आलेले गाडी लोहार हे काम करीत. चितोडच्या १५६८ च्या पाडावानंतर घर करून न राहण्याची शपथ घेतल्याची परंपरा सांगणाऱ्या या गाडी लोहारांना १९५५ साली जवाहरलाल नेहरूंच्या उपस्थितीत चितोडगडावर पुन्हा नेण्यात आले. तरी पुष्कळ कुटुंबांच्या गाड्या त्यानंतरही चालतच राहिल्या.

घिसाड्यांच्या आणि गाडी लोहारांच्या पालावर घण चालवणारा साथीदार बहुधा त्या घरची स्त्री असते. नवरा बसून तुकडा धरतो आणि बायको उभी राहून दोन्ही हातांनी घण उचलते. उन्हात, रस्त्याच्या कडेला, पाळण्यातील मूल नजरेच्या टप्प्यात ठेवून. वस्तू विकली जाते ती नवऱ्याच्या नावाने, पण त्या पात्यावर पडलेल्या बळाचा निम्म्याहून अधिक भाग तिच्या खांद्यांचा असतो. भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’ या १९६५ च्या चित्रपटात लोहार जोडप्याचे चित्र आले आणि जगदीश खेबुडकरांनी ऐरणीच्या देवाला उद्देशून लिहिलेले त्यातील गीत लता मंगेशकरांच्या स्वरात घरोघर पोहोचले. ऐरणीपुढे हात जोडणारी ती स्त्री लोकांच्या मनात राहिली. घण उचलणाऱ्या स्त्रीचे कसब मात्र लोहारकामावरील लेखनात नोंदले गेलेले मला आढळत नाही. हौशी मंडळींच्या जमावात आज स्त्रियाही भट्टीपुढे उभ्या राहतात आणि त्याचे कौतुक नव्या गोष्टीसारखे होते, तेव्हा या पालांवरच्या बायकांची आठवण करून देणे मला अगत्याचे वाटते.

विद्या कोंडली गेल्याची किंमत किती मोठी असू शकते याचे ठळक उदाहरण आपल्याच पोलादाचे आहे. दक्षिणेत मुशीत वितळवून होणारे आणि पाश्चात्त्यांनी वूट्झ म्हणून ओळखलेले उच्च कार्बनचे पोलाद, ज्याच्या पात्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे, एके काळी इराणपर्यंत जात होते. निझामाबादजवळच्या कोनासमुद्रम येथे ते खरेदी करण्यासाठी खुद्द इराणी व्यापारी येऊन बसत. मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ साली या पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले, पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावरचा निबंध रॉयल सोसायटीपुढे मांडला, आणि काही वर्षांनी मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाने, जो स्वतः एका लोहाराचा मुलगा होता, त्याचे पृथक्करण करण्यात आपली शक्ती खर्च केली. एकोणिसाव्या शतकात येथील भट्ट्या थंडावल्या. ज्या कुटुंबांना ती रीत ठाऊक होती त्यांच्याबरोबर ती गेली, कारण ती त्यांच्यापलीकडे कोणाला ठाऊकच नव्हती.

ती पुन्हा हाती लागली ती बव्हंशी एका घोड्यांना नाल ठोकणाऱ्या माणसाच्या चिकाटीने. अमेरिकेतील फ्लोरिडाचे आल्फ्रेड पेंड्रे हे पेशाने नालबंद. फावल्या वेळात त्यांनी वर्षानुवर्षे मुशीत पोलाद वितळवून ती नक्षी उमटवण्याचे प्रयोग केले, आणि धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होव्हेन यांच्या सहकार्याने १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला, की व्हॅनेडियमसारख्या द्रव्याचा अत्यल्प अंश खनिजात असला तरच ती नक्षी नीट उमटते. मूळ खनिजाच्या खाणी पालटल्यावर जुन्या लोहारांची रीत अपयशी ठरू लागली असावी, हा त्यांचा तर्क. हस्तकौशल्य आणि प्रयोगशाळा यांची अशी बरोबरीची सोयरीक जुळली म्हणजे काय होऊ शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

पेंड्रे ज्या वातावरणात वाढले ते वातावरण घडले कसे, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत मोटारींनी घोडे हटवले आणि लोहारशाळा बंद पडल्या. १९६९ साली अलेक्स बीलर यांचे लोहारकलेवरील पुस्तक निघाले, आणि १९७३ साली जॉर्जियातील लंपकिन या लहान गावी पंचवीस-तीस माणसे एकत्र जमून त्यांनी उत्तर अमेरिकेतील कलावंत लोहारांची संघटना स्थापन केली. १९७८ मध्ये ब्रिटनमध्येही तशीच संस्था उभी राहिली. या मंडळींच्या मेळाव्यांत एक हृद्य प्रथा आहे. प्रत्येकाने घरी घडवलेली एखादी वस्तू, हूक, छिन्नी, सांडशी, आणून एका ठिकाणी ठेवायची, चिठ्ठ्या घ्यायच्या, आणि टोपीतून ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याला ती वस्तू मिळायची. जमलेला पैसा संस्थेच्या खर्चाला. वस्तू घेणारा ती कोणी आणि कशी केली हे विचारतो, आणि करणारा ते सांगतो. हातातील कसब वाटल्याने कमी होत नाही, हा विश्वास या प्रथेच्या मुळाशी आहे, आणि वतनाच्या गावगाड्यात वाढलेल्या आपल्या समाजाला तो नवा आहे.

महाराष्ट्रात या विचाराच्या जवळ जाणारे काम पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे झाले. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम सुरू केला आणि शाळेच्या चौकटीत न मावलेल्या ग्रामीण मुलांना शेती, विद्युत, बांधकाम आणि लोखंडकाम हातांनी करता करता शिकवले. ज्याच्या बापाने कधी लोखंडाला हात लावला नव्हता असा मुलगाही तेथे सांधा जोडायला शिकतो. त्याआधी, १९०३ साली, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० पासून किर्लोस्करवाडीत त्याचा कारखाना वाढवला, तेव्हा लोहाराचे काम कारखान्याकडे जाण्याची सुरुवात झालीच होती. झिजलेला फाळ शेवटून घेण्याऐवजी नवा भाग दुकानातून आणून बसवता येऊ लागला. शेतकऱ्याचा यात मोठा लाभ झाला हे निर्विवाद. परंतु लोहाराच्या हातातील सर्वांत नेमाचे काम त्यामुळे हळूहळू ओसरले. आज केंद्र सरकारच्या १७ सप्टेंबर २०२३ पासून सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत लोहाराचाही समावेश आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि पहिल्या टप्प्यात एक लाख, दुसऱ्यात दोन लाख रुपयांचे सवलतीचे कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. कागदपत्रांची पूर्तता करून हा लाभ घेणारा लोहार विजेचा पंखा आणि घासण्याचे यंत्र घेऊ शकतो. पण हाताखाली शिकणारा मुलगा त्यातून मिळत नाही, आणि बहुतेक भट्ट्यांवर उणीव त्याचीच आहे. लोहाराचा मुलगा शिकून सुरतेच्या कारखान्यात जातो, आणि त्याने का जावे, असे विचारण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

येथेच हौशी माणसाचे प्रयोजन मला दिसते. त्याला पोटाची चिंता नाही, त्याच्याकडे वेळ आहे, लिहिता-वाचता येते, पोलादाच्या रचनेविषयी त्याने वाचलेले आहे. परंतु एका दिवसात पन्नास कोयते शेवटणाऱ्या हाताची लय त्याने कधी जवळून पाहिलेली नाही. तो आपल्या एका सुरीवर एक महिना घालवतो आणि त्यात गैर काही नाही, पण घाव वाया न घालवण्याची शिकवण फक्त गर्दीच्या कामातून मिळते. उलट गावच्या लोहाराला पाटा कोणत्या प्रतीचा आहे हे ओळखण्याचे साधे मार्ग कोणी सांगितले, जसे घासणीवर ठिणगी पाडून तिच्या फुटण्यावरून कार्बनचा अंदाज घेणे किंवा कठीण केलेल्या धारेवर जुनी कानस फिरवून पाहणे, तर त्याचा बराच माल वाया जाण्यापासून वाचेल. नव्या मालमोटारींच्या कमानींत जुन्याहून निराळी मिश्रणे येऊ लागली आहेत. जो पाटा पूर्वी पाण्यात निभावून जाई त्याला आता तेलच लागते, हे लोहाराला पाते तडकल्यावर कळते आणि हौशी माणसाला ते वाचून आधीच ठाऊक असते.

म्हणून माझी सूचना अगदी व्यवहारी आहे. पुण्या-मुंबईतील, नाशिकच्या किंवा सुरतेच्या ज्या मंडळींना लोखंडाचा हा छंद लागला आहे त्यांनी आपला पुढचा मेळावा एखाद्या शहरी सभागृहात न भरवता नवापूर तालुक्यात, दसरा आणि ऊसतोडीला निघण्याची वेळ यांच्या मधल्या दिवसांत भरवावा. खंडेनवमीला जेथे ऐरणीला कुंकू लागते तेथे त्याच आठवड्यात काम सर्वाधिक असते. त्यांनी प्रेक्षक म्हणून न बसता साथीदार म्हणून घण धरावा, आणि लोहाराच्या दिवसाचा दाम त्याला रोख द्यावा, कारण त्याने शिकवण्यात घालवलेला प्रत्येक तास त्याच्या कोयत्यांच्या हिशेबातून वजा होणार आहे. त्यांनी बरोबर टाकणखार, चांगले तेल आणि ठिणग्यांचे तक्ते आणावेत; जाताना आपण घडवलेली एकेक वस्तू भट्टीवर ठेवून जावी, आणि घरी नेण्यासाठी लोहाराकडून एक दात्यांचा विळा विकत घ्यावा. तो विळा भिंतीवर टांगू नये. पुढच्या हंगामात गवत कापून तो बोथट झाला, की शेवटायला त्याच भट्टीवर परत आणावा.